चिखलात न हलणारी गाडी रपट्यावरून वाहून का जाते: जोराचा हिशेब आणि पावसाळ्यात करायच्या गोष्टी

पांदणीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या, काळ्या चिखलात फसलेली छोटी कार चार धट्टेकट्टे गडी लावूनही वीतभर सरकत नाही. तीच कार त्याच संध्याकाळी, गुडघ्याखालच्या पाण्यात, रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, नाल्यात जाऊ शकते. हे ज्याला नीट उमगलं तो पाणी चढलेल्या रपट्यावर गाडी घालत नाही. म्हणून आज सगळा हिशेब मांडतो. गाडी हलवायला किती जोर लागतो हे नुसत्या वजनावर ठरत नाही. त्या वजनातलं किती जमिनीवर टेकलं आहे आणि खालची जमीन कशी आहे, यावर ते ठरतं. पाणी आधी वजन काढून घेतं आणि मग ढकलतं.

शाळेत जोर न्यूटनमध्ये मोजायला शिकवतात. इथे मी किलोतच बोलणार आहे. ‘तीस किलोचा जोर’ म्हणजे तीस किलोचं पोतं उचलून धरायला लागतो तेवढा.

आधी आपल्या गाडीचे आकडे काढा

आरसी कार्डावर गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असतं. छोट्या हॅचबॅकचं साधारण साडेसातशे ते नऊशे किलो असतं, बोलेरोसारखी गाडी दीड टनाच्या पुढे जाते. त्यात बसणाऱ्यांचं वजन मिळवा. मग टेप घेऊन जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची मोजा, आणि तीही माणसं बसलेली असताना. कंपनीच्या पुस्तकातली उंची बहुतेक वेळा रिकाम्या गाडीची असते. पाच जण बसले की स्प्रिंग दबतात आणि गाडी खाली येते.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एक गाडी धरू: दोन माणसांसह वजन ९०० किलो, पोटाची उंची १६ सेंटीमीटर, लांबी साडेतीन मीटर, रुंदी दीड मीटर. आपल्या भागात अशा गाड्या गावोगावी आहेत.

सपाट रस्त्यावर ढकलताना

हा जोर घरीच मोजता येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कापूस मोजायला जो टांगता काटा वापरतात, तो घ्या. सपाट डांबरी रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा, पुढच्या टोइंग हुकाला दोर बांधा, मध्ये काटा लावा आणि आडवं ओढा. सुरुवातीला काटा वीसच्या आसपास जातो. चाक एकदा फिरलं की उतरून दहा-पंधरावर स्थिरावतो. ९०० किलोची गाडी चालती ठेवायला पंधरा किलोसुद्धा पुरतात, कारण चाक घासत नाही, लोळतं. लागतो तो जोर टायर दबण्या-उठण्यात जातो. टायरमध्ये हवा कमी असेल तर काटा लगेच वर दिसेल.

चढ आला की गणित बदलतं. वीस फुटांत एक फूट चढ असेल तर गाडीच्या वजनाचा विसावा भाग जास्तीचा लागतो, म्हणजे इथे ४५ किलो. दहा फुटांत एक फूट असेल तर ९०. एक माणूस न दमता पंचवीस-तीस किलो रेटू शकतो. चढावर किती माणसं लागतील याचा अंदाज यावरून येतो. ढकलताना एक जण चाकामागे दगड सरकवत राहिलाच पाहिजे. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबला की कडक होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आत बसणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, ऐनवेळी तो गांगरतो.

ढकलायचं ते डिकीच्या कडेजवळ, पत्र्याच्या मजबूत भागावर, हात सरळ आणि अंग झुकवून. काचेवर किंवा दिव्यावर नाही.

काळ्या मातीत फसल्यावर

विदर्भाची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या खाचांत बसते. टायर गुळगुळीत होतो. ओल्या चिखलात चाक लोळवायलाच वजनाच्या २० ते ३५ टक्के जोर लागतो. तीस टक्के धरले तर आपल्या गाडीला २७० किलो. डांबरीवर पंधरा, इथे पावणेतीनशे.

इंजिन हा जोर का देऊ शकत नाही? इंजिन कमजोर नाही, पकड कमजोर आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांवर साधारण साठ टक्के वजन येतं, म्हणजे ५४० किलो. चिखलात टायरची पकड त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी मिळाली तर ओढ होते १०८ किलो. हवे आहेत २७०. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, चाक फक्त खड्डा खोल करत जातं. पोट मातीला टेकलं की चाकांवरचं वजन आणखी घटतं आणि काम दुप्पट होतं.

माणसांचंही तेच. साठ किलोचा गडी चिखलात उभा राहून अठरा-वीस किलोच रेटू शकतो, त्यापुढे त्याचा पाय सरकतो. चौघे मिळून ऐंशीच्या आत. म्हणून चाकाखाली टाकायचं ते ढकलणाऱ्यांच्या पायाखालीही टाका. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि फरक लगेच कळतो.

आता क्रम. चाक जागेवर फिरलं की लगेच थांबा. सगळ्यांना उतरवा, सामान काढा. फावड्याने चारही चाकांसमोरची माती उतरती काढा, म्हणजे चाकाला उभी भिंत न चढता घसरगुंडी चढावी लागेल. पोट टेकलं असेल तर आधी तिथली माती मोकळी करा, नाहीतर बाकीची मेहनत वाया जाते. चाकं सरळ करा. गोठ्याजवळ सरपणाला रचलेल्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्या) आडव्या टाका, त्यावर रिकाम्या बोऱ्या. गिट्टी-मुरूम मिळाला तर उत्तमच. ओढणाऱ्या चाकांची हवा तीस पौंडावरून अठरा-वीसवर आणली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र पंप जवळ असेल तरच हे करा, आणि पक्क्या रस्त्यावर आल्याबरोबर हवा परत भरा. मग दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी हळू क्लच सोडत निघा. पहिल्या गिअरमध्ये चाक लवकर घसरतं. बोऱ्या टाकल्या असतील तर चाकाच्या रेषेत मागे कुणी उभं राहू नये, बोरी आणि काटक्या गोळीसारख्या मागे उडतात.

एकटे असाल आणि जवळ झाड असेल तर

ही युक्ती प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. दहा मीटर मजबूत दोर गाडीच्या टोइंग हुकापासून समोरच्या बाभळीच्या बुंध्याला, जमिनीलगत, ताणून बांधा. आता गाडीच्या दिशेने ओढू नका. दोराच्या बरोबर मधोमध उभे राहा आणि दोर बाजूला, काटकोनात ओढा. मध्यबिंदू अर्धा मीटर बाजूला येईपर्यंत तुमच्या तीस किलोचे दोराच्या टोकाला सुमारे १५० किलो होतात. पाचपट. सुरुवातीला, दोर जवळजवळ सरळ असताना, याहूनही जास्त.

मोबदल्यात अंतर कमी मिळतं. मध्यबिंदू अर्धा मीटर हलला की गाडी फक्त पाचेक सेंटीमीटर सरकते. लगेच चाकामागे दगड लावायचा, दोर पुन्हा ताणून बांधायचा, पुन्हा ओढायचं. वेळ लागतो, पण खड्ड्यातून चाक वर यायला बरेचदा वीतभर सरकणं पुरतं. नायलॉनचा फार ताणणारा दोर इथे कामाचा नाही, कारण तुमची सगळी ओढ दोर लांबण्यातच जाते.

ट्रॅक्टर लावताना

ट्रॅक्टर पक्क्या जमिनीवर उभा करा, दोर लांब ठेवा. दोर गाडीच्या टोइंग हुकालाच बांधा, बंपरला नाही. ट्रॅक्टरच्या बाजूने तो खालच्या ड्रॉबारला बांधा. वरच्या टॉप लिंकच्या जागी किंवा सीटमागे उंच बांधलेला दोर ताणला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं आणि ट्रॅक्टर मागे चालकावर पलटतो. हे सेकंदभरात होतं, उडी मारायला वेळ मिळत नाही.

आधी दोर हळू ताणून घ्या, मग ओढा. ढिला दोर ठेवून झटका दिला तर ताण कितीतरी पटीने वाढतो, मग हुक उपटतो किंवा दोर तुटतो. तुटलेला दोर किंवा साखळी माणसाचा जीव घेऊ शकते. दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तरी तो खाली पडेल. दोराच्या लांबीइतक्या अंतरात कुणी उभं राहू नये. लहान मुलं तमाशा पाहायला येतात, त्यांना आधी लांब पाठवा.

आता पाणी

पाण्यात बुडालेला प्रत्येक लिटर भाग एक किलो वजन उचलतो. आपल्या गाडीच्या पोटाचं क्षेत्रफळ, चाकांच्या जागा सोडून, साधारण साडेचार चौरस मीटर. म्हणजे पाणी पोटाला लागल्यानंतर वर चढणारा प्रत्येक सेंटीमीटर सुमारे ४५ किलो उचलतो. ९०० भागिले ४५, वीस. पाणी आत शिरलं नाही तर पोटाच्या वर वीस सेंटीमीटर, म्हणजे जमिनीपासून छत्तीस सेंटीमीटरला ही गाडी कागदावर तरंगते. चौदा इंच. प्रत्यक्षात पोट सपाट नसतं आणि फटींतून पाणी आत येत राहतं, त्यामुळे पूर्ण तरंगायला जास्त पाणी लागतं. पण वाहून जायला पूर्ण तरंगावं लागत नाही.

तीस सेंटीमीटर, एक फूट पाणी धरा. वरच्या हिशेबाने ६३० किलो पाण्याने उचलले, टायरवर उरले २७०. रपट्याच्या काँक्रीटवर पावसाळ्यात शेवाळ आणि गाळ असतो. पकड चौथ्या हिश्श्याची मिळाली तर गाडी आडवी सरकवायला सत्तर किलोच पुरतात. कोरड्या डांबरीवर हीच गाडी आडवी सरकवायला सहाशेच्या वर लागले असते.

आणि प्रवाह किती ढकलतो? वेग दुप्पट झाला की ढकलणं चौपट होतं. एक फूट पाण्यात, आडव्या उभ्या गाडीवर, सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी साधारण ३५ किलोचा जोर लावतं. हा माणसाच्या संथ चालीचा वेग. दोन मीटरला, म्हणजे हळू धावण्याच्या वेगाला, सुमारे १४० किलो. तीन मीटरला तीनशेच्या वर. सत्तर किलोची पकड आणि एकशेचाळीसचा रेटा. इथे ड्रायव्हरचा अनुभव काही करू शकत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जल-प्रयोगशाळेत खऱ्या गाड्या पाण्यात उभ्या करून मोजमाप झालं. १.०५ टन वजनाची टोयोटा यारिस केवळ १५ सेंटीमीटर पाण्यात, सेकंदाला एक मीटर वेगाला, सरकली आणि ६० सेंटीमीटरला पूर्ण तरंगली. अडीच टनांची निसान पेट्रोल ४५ सेंटीमीटरला, तेवढ्याच वेगात, डगमगली आणि ९५ सेंटीमीटरला तरंगली. ‘आपली स्कॉर्पिओ आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे डोक्यात ठेवावेत. जुलै २०२२ मध्ये सावनेर तालुक्यात नाल्याच्या पुलावरून स्कॉर्पिओच वाहून गेली. त्याआधी २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून एसटीची बस गेली. दोन्ही ठिकाणी माणसं दगावली.

पाण्यात गाडी कशी जाते हेही समजून घ्या. इंजिन पुढे असल्याने मागची बाजू हलकी असते, ती आधी उचलली जाते. पुढची चाकं धरून राहतात आणि मागचा भाग प्रवाहाबरोबर फिरतो. चालकाला वाटतं स्टिअरिंग ओढतंय, म्हणून तो वळवतो, तोवर मागचं चाक रपट्याच्या कडेबाहेर गेलेलं असतं. ट्रॅक्टरचं वजन आणि चाकं मोठी, पण मागची रिकामी ट्रॉली म्हणजे तरंगणारी पेटीच. ती आडवी झाली की ट्रॅक्टरला ओढून नेते.

रपट्यासमोर उभं राहिल्यावर

माझा नियम साधा आहे: वाहत्या पाण्याखाली रस्ता दिसत नसेल तर गाडी घालायची नाही. गढूळ पाण्याखाली काँक्रीट शाबूत आहे की खालच्या अंगाचा भराव धुऊन गेलाय, हे वरून कळत नाही. रपट्याखालच्या मोऱ्या पऱ्हाट्यांनी आणि झाडोऱ्याने तुंबल्या की पाणी वरून जोरात जातं आणि खालच्या कडेला जमीन उकरतं.

वेग बघायचा असेल तर वरच्या बाजूने तुराटी टाका. दहा पावलांचं अंतर ती किती वेळात कापते ते बघा आणि काठाने तिच्याबरोबर चालून बघा. चालून गाठता येत नसेल तर प्रश्नच मिटला. डोक्यावर ऊन आहे म्हणून पाणी वाढणार नाही असं धरू नका. मेळघाटच्या डोंगरात पडलेलं पाणी खाली सपाटीवर नंतर पोचतं, आणि धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या नाल्यांत उलटं पाणी चढतं. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदी चढली की रस्ता दिवसेंदिवस बंद राहिलेला आहे. तिथली माणसं थांबतात, कारण त्यांना ते पाणी माहीत आहे. आपल्याकडचे छोटे नाले बरेचदा काही तासांत उतरतात. तेवढं थांबणं जमतं.

उन्हाळ्यात एक काम गावाने करावं. रपट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये पक्के खांब रोवून त्यावर १५ सेंटीमीटरला पिवळा आणि ३० ला लाल पट्टा मारावा. उंची रपट्याच्या सर्वांत खोल जागेपासून धरावी, काठापासून नाही. एक डबा रंग आणि एक सकाळ पुरते. ग्रामपंचायतीला अर्ज द्या, नाहीतर पोरं मिळून करा. रात्री येणाऱ्या पाहुण्याला तुमचा नाला माहीत नसतो.

थांबलेलं पाणी, म्हणजे रेल्वे पुलाखाली साचलेलं किंवा गावतळ्याचं पसरलेलं, वेगळं. तिथे ढकलणारा जोर नसतो. तरी पोटाला लागेल इतकं असेल तर जाऊ नका. त्याहून कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, न थांबता जा. समोरून गाडी येत असेल तर आधी तिला येऊ द्या, तिची लाट तुमच्या इंजिनाच्या हवेच्या तोंडात जाऊ शकते.

अडकलातच तर

पाणी दाराला लागलं की दार उघडणं अवघड होतं, आणि किती ते पाहा. एक मीटर रुंद दारावर बाहेर तीस सेंटीमीटर पाणी असेल तर एकूण ४५ किलो दाब. आतून दाराच्या कडेला ढकलायला त्याच्या निम्मा, बावीसेक किलो लागतो. साठ सेंटीमीटर झालं की एकूण १८० आणि कडेला नव्वद. पाणी दुप्पट, जोर चौपट. घाबरलेल्या, बसलेल्या माणसाला नव्वद किलो रेटता येत नाहीत.

म्हणून दाराशी झुंजत बसू नका. गाडी सरकली असं वाटताच पट्टे सोडा, काचा खाली करा. पॉवर विंडो पाण्यात किती वेळ चालेल याचा भरवसा नाही, त्यामुळे हे पहिल्या काही क्षणांतच. आधी मुलं बाहेर द्या, मग तुम्ही, आणि सगळे टपावर. काच उघडली नाही तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार हातोडीने मारा, मध्यभागी नाही. समोरची काच दोन थरांची असते, तिच्या नादी लागू नका. ती हातोडी डिकीत ठेवून उपयोग नाही, सीटवरून हात पोचेल अशी लावून ठेवा.

काठावरच्यांनी पाण्यात उतरू नये. पोहणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून सोडायची पद्धत धोक्याची आहे: दोर ताणला की प्रवाह त्याला पाण्याखाली दाबतो. दोराला हवा भरलेली ट्यूब किंवा बंद रिकामा कॅन बांधून वरच्या अंगाने सोडा, म्हणजे तो गाडीपर्यंत वाहत जाईल. त्याचवेळी ११२ वर आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा.

पाणी उतरल्यावर

गाडी लगेच ओढू नका. आत अर्धं पाणी भरलेलं असेल तर तेच टनभर वजन असू शकतं, वर गाळ वेगळा. आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग दारं उघडून पाणी निघू द्या, चाकांभोवतीचा गाळ काढा आणि त्यानंतर दोर लावा.

चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत बरेचदा नाकारलं जातं. ‘इंजिन प्रोटेक्ट’ची जोड घेतली आहे का, हे पावसाळ्याआधी पाहून ठेवा. बॅटरीची काळी वायर सोडवा. ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. गाडी इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी वायरींना हात न लावता सर्व्हिस सेंटरला फोन करा. मेकॅनिककडून इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल, एअर फिल्टर बदलून घ्या, चाकांची बेअरिंगं तपासून घ्या, मागचे ड्रम उघडून आतला गाळ धुवायला सांगा. त्यानंतर पहिल्या फेरीत रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात, ब्रेक अलगद दाबत दाबत वाळवून घ्या आणि मगच माणसं बसवा.